व्हय जी

भिवाला फाशी झाली. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे शेवटी तो सुटतो की काय या आशेवर कुणी वाचत बसायला नको. मागच्या दिवाळीत नातवानं घरी व्हिडिओ आणला होता आणि सगळ्यांनी मिळून तुरुंगाचा एक सिनेमा पाहिला. त्यातला निरपराध कैदी कोर्टात उभा राहून न्यायाधीशाला असं काही सुनावतो की आमची सून पदरानं डोळे पुसत होती आणि शेजारची मंडळीही मुसमुसत होती. मला मात्र हसू फुटलं. नातू म्हणाला, "आजी, तुला काळीज आहे का नाही?" आहे रे बाबा. पण एवढं घडाघडा बोलता येत असतं तर तो माणूस तिथवर पोचलाच नसता, हे त्या सिनेमावाल्याला कुणी सांगायचं? मी कैदी पुष्कळ पाहिले, पण जवळून असा एकच. त्याला कोर्टात फक्त एक शब्द बोलायचा होता. आणि तो शब्द तो बोललाही.

माझे वडील लोणावळ्याला पोलिसात जमादार होते. त्यांना मी आबा म्हणायची. कचेरीच्या मागं काळ्या दगडाची कोठडी आणि कोठडीच्या अंगणाला लागूनच आमच्या दोन खोल्या. कैद्यांच्या भाकऱ्या थापायचं काम आईकडं असल्यामुळं आमची चूल विझलेली मी क्वचितच पाहिली. भाकरी थापल्याचा आवाज आणि घाटातून गाड्या रेटत आणणाऱ्या इंजिनांच्या धापा, यांतच मी वाढले. विजेची इंजिनं तेव्हा यायची होती. वाळत घातलेल्या लुगड्यावर काजळी बसायची, कधी उडत्या ठिणगीनं भोक पडायचं, आणि आई रोज त्या इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पावसाळ्यात धुकं सरळ घरात शिरायचं, मिठाला पाणी सुटायचं, ओली लाकडं पेटायची नाहीत, आणि धुरानं आम्ही तिघंही सारखी रडत असल्यासारखी दिसायचो. कैद्यांना हुकमाप्रमाणं कोरडी भाकरी आणि पातळ डाळ. आई दोन भाकऱ्यांच्या मध्ये लसणाची चटणी नाहीतर खरपूस भाजलेला बोंबील दडवायची. आबा ते बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. "मानूस चोर आसंल, त्याची जीब थोडीच चोर हाय?" असं आईचं म्हणणं.

आबा मूळचे मावळातल्याच इंदुरी गावचे, शेतकरी घरातले. आई टाकव्याच्याही पलीकडची, पार डोंगराच्या पोटातली. पण नोकरीत शिरल्यावर आबांनी आपली बोली खुंटीला टांगली ती टांगलीच. साहेबापुढं गावठी बोललं की माणसाची किंमत राहत नाही, हे त्यांचं ठाम मत. मी चुकून 'व्हय' म्हटलं की टाळक्यात टपली बसायची. "होय म्हणावं. व्हय काय, गुरं हाकतेस का?" त्यावर आई चुलीपाशी बसून मुद्दाम ओरडायची, "व्हय, व्हय, व्हय!" आणि आबांचा चेहरा असा व्हायचा की मला हसू आवरायचं नाही. भाजीत मीठ असावं तसं हे भांडण आमच्या घरात रोज असायचं.

भिवाला आणला तो ऐन उन्हाळ्यात. कामशेतजवळ रुळांच्या कडेला एका शेठच्या गवताच्या गंज्या होत्या. मुंबईच्या तबेल्यांना ते गवत जायचं. एका दुपारी मोठी गंजी पेटली आणि तिच्या सावलीला निजलेला म्हातारा राखणदार आत होरपळून मेला. भिवा त्या गंजीवर कामाला होता. शेठनं आठवडाभरापूर्वी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या, आणि आग लागली तेव्हा तो डोंगराकडं पळाला होता. पळाला म्हणजे केलंच, असं ठरायला आणखी काय लागतं? टाकव्याकडचाच तो, पस्तिशीचा असेल, अंगानं काटकुळा, कानात भिकबाळी नाही की गळ्यात ताईत नाही, आणि मान सदा खाली. बायको बाळंतपणात गेलेली, मागं कुणी नाही. पहिल्या दिवशी आईनं गजांतून भाकरी सरकवली तर त्यानं तिचा पहिला तुकडा मोडून खिडकीत ठेवला. आईनं विचारलं, "ह्ये कुनाला?" तर म्हणाला, "आबाला, वयनी. रोज आमी संगं जेवायचो. उपाशी गेलं म्हातारं." त्या जळालेल्या राखणदाराला तो आबा म्हणायचा. कावळा येऊन तो तुकडा घेऊन जायचा आणि मगच भिवा तोंडात घास घालायचा.

आईनं त्याच दिवशी आबांना सांगून टाकलं, "त्यानं न्हाई केलं." आबा म्हणाले, "त्यानं साहेबापुढं कबूल केलंय. मी तिथं उभा होतो." आणि खरंच कबूल केलं होतं. आबांनी ते सगळं आम्हाला ऐकवलं. मॅजिस्ट्रेटसाहेब मोठे सभ्य गृहस्थ, आवाज चढवला नाही की कुणाला हात लावू दिला नाही. त्यांनी विचारलं, शेठच्या गंजीवर तू कामाला होतास? व्हय जी. त्या दुपारी तू तिथं होतास? व्हय जी. शेठ तुला बोलले त्याचा तुला राग होता? व्हय जी. म्हणून तू गंजी पेटवलीस? व्हय जी. कारकुनानं लिहून घेतलं, भिवानं अंगठा उठवला, झालं. "आता यात मी काय करू?" आबा म्हणाले. आई नुसती भाकऱ्या थापत राहिली. ती गप्प बसली की आबांना जास्त भीती वाटायची.

कोठडीत इतर कैदी यायचे-जायचे, पण भिवाचा खटला जिल्ह्याच्या कोर्टात जायचा होता, म्हणून तो राहिला. माझी त्याच्याशी गट्टी जमली. मला गोष्टी सांगायची दांडगी हौस आणि घरात ऐकायला कुणाला वेळ नाही. मी कोठडीच्या पायरीवर बसून काय वाटेल ते सांगायची आणि भिवाभाऊ गजांच्या आड उकिडवा बसून प्रत्येक वाक्याला मान हलवून म्हणायचा, "व्हय जी." मला, दहा-अकरा वर्षांच्या पोरीला, 'जी'! इतका गुणी श्रोता मला पुढं उभ्या जन्मात मिळाला नाही, नवरा धरून. एकदा तो मनापासून ऐकतोय की उगाच मान हलवतोय हे बघायला मी चावटपणा केला. म्हटलं, "भिवाभाऊ, काल ना, मी घाटातलं इंजिन गिळलं." "व्हय जी." "धुरांड्यासकट." "व्हय जी." "आणि रात्रभर माझ्या पोटात शिट्टी वाजत होती." "व्हय जी," भिवा अगदी गंभीरपणे म्हणाला. मी पोट धरून हसायला लागले. मागं काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. आई डाळीचं पातेलं घेऊन येत होती, ते तिच्या हातातून सुटलं होतं. अंगणभर डाळ. मला वाटलं आता मार बसणार, पण आई गजांशी जाऊन उभी राहिली.

"भिवा," ती म्हणाली, "आज सूर्य मावळतीला उगावला."

"व्हय जी."

"आन गंजी तू प्येटवलीस."

"व्हय जी," तो म्हणाला. मग आईच्या तोंडाकडं बघून घाबरला. "म्हंजी तुमी म्हनताय त्ये आयकतुया, वयनी. म्या कशाला प्येटवीन? म्या नदीवर पानी आनाया गेलतो आबाला. गाडी गेली आन मागनं धूर निगाला. यिऊन बगतो तर आग ही एवडी. मंग भ्यालो आन पळालो."

मावळात ज्यांचं बालपण गेलं नाही त्यांना हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडं मोठं माणूस बोलत असलं की समोरच्यानं दगडासारखं गप्प बसायचं नसतं. तो उद्धटपणा. प्रत्येक वाक्याला 'व्हय जी' म्हणायचं, म्हणजे तुमचं बोलणं माझ्या कानात पडतंय, पुढं बोला. त्यात हो नाही आणि नाहीही नाही. आणि मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडून 'न्हाई' म्हणणं? त्यापेक्षा त्याच्या पायावर पाय दिलेला परवडला! खरंच एखादी गोष्ट केली असली तर माणूस सरळ 'केलं' म्हणतो. आबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. इंदुरीला त्यांच्या वडिलांपुढं तेही असंच म्हणत मोठे झाले असणार. पण डोक्यावर पोलिसाची पगडी घालून उभे होते ना, तेव्हा त्यांना त्या 'व्हय'मध्ये 'होय' ऐकू आलं.

आई त्या संध्याकाळी आबांना जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. "आवो, तुमी तितं हुबं व्हता! तुमच्या कानांत काय बोळं घातलं व्हतं?" आबा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पगडी नीट बांधली आणि फौजदारापुढं जाऊन उभे राहिले. नोकरीत त्यांनी वरच्या माणसाला आपण होऊन काही सांगितल्याची ही पहिली वेळ. परत आले ते कानापर्यंत लाल होऊन. फौजदारानं त्यांना सगळ्या शिपायांसमोर विचारलं होतं, "काय जमादार, होय म्हणजे ऐकतोय, मग नाही म्हणजे काय? जेवतोय?" सगळे हसले होते. आबा जेवले नाहीत. पण पुढं सरकारनं भिवाला एक तरुण वकील दिला, तो एकदाच येऊन गेला, नाकाला रुमाल लावून, तेव्हा आबांनी पुन्हा धीर करून त्यालाही सांगितलं. वकिलानं घड्याळ बघत ऐकलं आणि म्हणाला, "असं असेल तर त्याला 'नाही' म्हणायला शिकवा. जास्त बोलू देऊ नका, गोंधळेल. बाकीचं मी बघतो."

बाकीचं मी बघतो! हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. विजेच्या बिलाच्या कचेरीत परवा एक पोरगा असंच म्हणाला, तर मी त्याला असं झापलं की तो बिचारा खुर्चीतून उठून उभा राहिला.

आईनं मात्र तो शब्द देवाच्या आज्ञेसारखा उचलला. दुपारची कामं आटोपली की ती कोठडीशी बसायची. मला आबांचा जुना कोट घालून उपड्या घमेल्यावर उभी करायची. मी न्यायाधीश. आवाज जाड करून विचारायची, "गंजी तू पेटवलीस?" आणि भिवा हात जोडून म्हणायचा, "व्हय जी." "आरं मुडद्या, न्हाई म्हन!" आई ओरडायची. "व्हय जी," भिवा म्हणायचा. पहिले काही दिवस असेच गेले. त्याच्या जिभेला ते वळणच नव्हतं. गुरांना तो 'न्हाई' म्हणाला असेल तर असेल, माणसाला कधी म्हणाला नव्हता. एकदा कसाबसा म्हणाला, तर लगेच गजांतून हात बाहेर काढून माझ्या पायांना लावला, चूक झाली म्हणून. आई पदराआड तोंड करून रडली आणि मग तिनंच त्याला दटावलं, "पाया पडू नगंस. नुसतं म्हन. तुजा जीव हाय त्यात."

मी त्याला म्हटलं, "भिवाभाऊ, गाडी गेली आणि मागून धूर निघाला, एवढं तरी सांगायचं." त्यानं घमेल्यावरच्या मला सांगून बघितलं. पण मी कोट घालून जाड आवाजात "काय?" म्हटलं की तो हात जोडून उभा राहायचा आणि वाक्य अर्ध्यातच सोडायचा. कोट काढला की नीट सांगायचा. शेवटी आईनं ठरवलं, वकील म्हणाला तेच खरं. "एकच सबूद," ती म्हणाली. "कुनी काय बी इचारू दे. बाकीचं वकील बगंल."

पावसाळा ओसरेपर्यंत भिवा तयार झाला. मी कोट घालून विचारलं तरी न्हाई, न घालता विचारलं तरी न्हाई. आबांनी दरडावून विचारलं तरी न्हाई. आमच्या घराला मग तो खेळच झाला. एके दिवशी आईनं नव्या आंबेमोहोराचा भात केला होता, त्याचा वास कोठडीच्या आत गेलेला, आणि तिनं गजांशी ताट धरून गमतीनं विचारलं, "भात पायजे का रं, भिवा?" "न्हाई," भिवा ताठ उभा राहून म्हणाला. आम्ही तिघंही हसलो. आबासुद्धा हसले. भिवाही हसला, आणि त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. समोरचे दोन दात नव्हते. आईनं त्याला दुप्पट भात वाढला. त्यानं पहिला घास खिडकीत ठेवला.

खटल्याच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं त्याला न्यायचं होतं. बरोबर आबा आणि एक शिपाई. आईनं भिवाला नवं धोतर दिलं, आबांचंच, एकदाही न नेसलेलं. भाकरी, बोंबील आणि मी हट्टानं घालायला लावलेली गुडदाणी, असं बांधून दिलं. बेड्या घातल्यामुळं त्याला ती पुरचुंडी धरता येईना, म्हणून आबांनी ती आपल्या काखोटीला मारली. कैद्याचं जेवण काखेत घेऊन फलाटावरून चाललेला जमादार तेव्हाही कुणी पाहिला नसेल. आई फाटकापर्यंत गेली. "ध्येनात हाय ना?" "न्हाई," भिवा म्हणाला, आणि मग जीभ चावून हसला.

आबा तिसऱ्या दिवशी परत आले. आई भाकऱ्या थापत होती, मी चुलीत लाकूड सारत होते. आबा पगडीही न काढता उंबऱ्यावर बसले. आईनं विचारलं नाही. त्यांनीच सांगायला सुरुवात केली, भिंतीकडं बघत, साक्ष देत असल्यासारखं.

न्यायाधीश इंग्रज होता. तो विचारायचा आणि कोर्टाचा माणूस पुस्तकी मराठीत सांगायचा. गंजी तू पेटवलीस का? न्हाई. इथं आबांना वाटलं, जिंकलो. भिवा मान वर करून, खणखणीत बोलला होता. मग साहेबानं विचारलं, पहिल्या साहेबांपुढं तू कबुली दिलीस, तेव्हा तुला कुणी मारहाण केली होती का? न्हाई. धाक घातला होता? न्हाई. मग ती कबुली खोटी आहे, असं तुझं म्हणणं आहे का? न्हाई. आबा म्हणाले, मी मागं उभा होतो, मी खोकलो, पाय आपटला, कोर्टाच्या शिपायानं माझ्याकडं डोळे वटारले. आग दुसऱ्या कशानं लागली असेल असं तुला वाटतं का? न्हाई. तुझ्या बाजूनं बोलणारा कुणी आहे? न्हाई. तुला स्वतःला काही सांगायचंय? साहेबानं हे दोनदा विचारलं. दोनदा. तो काही दुष्ट माणूस नव्हता. भिवानं दोन्ही वेळा तेच सांगितलं. वकील कागद चाळत होता. त्याला विचारलं तेव्हा तो अर्धवट उठला आणि माझ्याकडं अधिक काही नाही म्हणाला. निकालात साहेब म्हणाला की हा माणूस दिसतो तितका भोळा नाही, आधी सगळ्याला होय म्हणाला आणि आता सगळ्याला नाही म्हणतो.

त्या दिवशी जी आई आमच्या घरात होती ती पुढं पुन्हा मला दिसली नाही. तिची चूक होती असं मला कुणी म्हणून दाखवावं, त्याची मी खैर करणार नाही. एवढ्या पदव्या घेतलेल्या, काळे डगले घातलेल्या माणसांत एकालाही नुसतं एवढं विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, त्या दुपारी काय झालं, तुझ्या भाषेत सांग. माझ्या आईनं ते विचारलं होतं, डाळ सांडलेल्या अंगणात उभं राहून. पण हे मी आज म्हणते. तेव्हा तिला काय सांगणार? ती मेली तोवर तिच्या तोंडून मी 'न्हाई' शब्द ऐकला नाही. नको असलं की नुसती मान हलवायची. कोठडीच्या भाकऱ्या तिनं पुढंही थापल्या, चटणीही दडवली, पण कैद्याशी बोलली नाही.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी आबांचं सांगून झालं आणि तव्यावरची भाकरी जळायला लागली. मी ती उलटायला हात पुढं केला, तर आईनं माझा हात धरला.

"त्यो काय म्हन्ला?" तिनं विचारलं.

आबा म्हणाले, "त्याला निकाल कळलाच नाही. इंग्रजीत होता, आणि मराठीत सांगितला तो घाईत. बाहेर आणला तेव्हा खुशीत होता. मला म्हणाला, जमादार, बराबर म्हन्लो न्हवं म्या? वयनीला सांगा, एकदाबी चुकलो न्हाई."

आईनं माझा हात सोडला. "मंग? तुमी काय म्हन्ला त्याला?"

आबांनी पगडी काढून मांडीवर घेतली.

"व्हय म्हन्लो," आबा म्हणाले.